गस्त घाला, पण कुणाला पकडायला जाऊ नका

या वेळचं पत्र बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातून आलंय. नाव-गाव गाळून, थोडं आटोपतं करून देते.

«ताई, मी बालाघाटातल्या एका गावचा. वय २६, पोलीस भरतीची तयारी करतो. दसरा झाला की आमचं निम्मं गाव ऊसतोडीला जातं, कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी कर्नाटकात. मागं राहतात म्हातारी माणसं, शाळेतली लेकरं आणि आमच्यासारखी थोडी पोरं. मागच्या हंगामात कुलूपबंद घरं फुटली, विहिरीवरच्या मोटारी गेल्या, एका आजीच्या तीन शेळ्या एका रात्रीत नेल्या. मग आम्ही बारा पोरांनी गस्त सुरू केली. दीड महिना चांगलं चाललं, लोक बोलावून चहा द्यायचे. जानेवारीत एका रात्री फाट्यावर दोघांना अडवलं. एक पळाला, दुसऱ्याला पोरांनी मारलं. नंतर कळलं, तो शेजारच्या गावचाच, बाप आजारी म्हणून कारखान्यावरून रात्रीचा निघून आलेला. त्यानं तक्रार दिली नाही. दवाखान्याचा खर्च आम्ही केला. मी मारलं नाही, पण मी तिथं होतो. तेव्हापासून गस्त बंद. आता परत दसरा आला. गाव म्हणतं, सुरू करा. सरपंच म्हणतात, माझ्या नावानं करा, जाकिटं देतो. दुसऱ्या पॅनलची पोरं म्हणतात, मग आम्ही येत नाही. ठाण्यात गेलो तर जमादार म्हणाले, कायदा हातात घेऊ नका. आणि फोन केला की गाडी यायला तास लागतो. काही जण म्हणतात, माळावरच्या पारध्यांच्या पालावर नजर ठेवली की झालं. आई म्हणते, तू यात पडूच नको. काय करावं?»

भावा, तू शेवटी विचारलंस काय करावं. पण मी पत्राच्या मधल्या चार ओळींपासून सुरू करते, कारण त्या ओळी निस्तरल्याशिवाय पुढचं काही बोलण्यात अर्थ नाही.

ज्याला मारलं त्याच्या घरी जा. बारापैकी जितके येतील तितके जा, दोन्ही गावच्या पोलीस पाटलांना बरोबर घ्या आणि तो परत ऊसाला निघायच्या आत जा. चुकलो म्हणा. दवाखान्याचे पैसे दिले म्हणजे मिटलं असं धरू नका, आणि ‘तक्रार करू नको’ हे शब्द त्या घरात उच्चारूही नका. करायची की नाही हे त्याचं तो ठरवेल. तुमच्यापैकी कुणी त्याच्यावर किंवा त्याच्या बापावर मुकादमाकरवी, म्हणजे ऊसतोडीला टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकरवी, दबाव आणला असेल, तर तोही आजच थांबवा. उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, घेतलेला माणूस मुकादमापुढे गप्प बसतो. ती संमती धरायची नसते.

‘मी मारलं नाही, पण तिथं होतो’ असं तू लिहिलंस. खरं लिहिलंस, ते मला आवडलं. पण पाच किंवा जास्त माणसं एका उद्देशाने जमून मारहाण करतात, तेव्हा काठी कुणाच्या हातात होती एवढंच कायदा बघत नाही. त्या उद्देशात सामील धरलेला प्रत्येक जण अडकतो. तू भरतीची तयारी करतोस. लेखी, मैदानी सगळं निघालं तरी पुढे चारित्र्य पडताळणी असते. तुझ्या बारा जणांतले किती जण भरतीवाले आहेत ते तूच मोज. त्या रात्री त्या माणसाच्या डोक्याला जरा वर्मी लागलं असतं, तर आज तू मला पत्र लिहिण्याऐवजी वकील शोधत असतास.

हे मी भीती घालायला सांगत नाही. आपल्याच भागात झालेलं आहे. २०१८ च्या जूनमध्ये वैजापूर तालुक्यात चोर समजून जमावाने लोकांना मारलं, त्यात दोघांचा जीव गेला. पुढच्याच महिन्यात, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात बाजाराच्या दिवशी पाच जणांना मुलं पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागून खाणारे. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने त्या प्रकरणात सात जणांना जन्मठेप दिली. आणि १६ एप्रिल २०२० चं पालघर जिल्ह्यातलं गडचिंचले आठवत असेल: टाळेबंदी, चोर आल्याच्या अफवा, जागी असलेली गावं, आणि सुरतेला अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू व त्यांचा चालक. तिथं तर पोलीस समोर उभे होते, तरी तिघेही गेले.

या तिन्ही ठिकाणची माणसं काही खुनी म्हणून जन्मली नव्हती. त्यांना आपलं गाव राखायचं होतं, निदान त्यांची समजूत तशी होती. अंधार, अनोळखी चेहरा, मोबाईलवर फिरणारा निरोप, आणि ‘थांबा, आधी विचारू’ असं म्हणायची हिंमत असलेला एकही माणूस नाही. एवढं जमलं की पुढचं आपोआप होतं. तुमच्या फाट्यावर नेमकं हेच जमलं होतं.

अफवेचं सांगायचं तर २०२४ चा पावसाळा तू गावातच काढला असशील. बीड, जालना, संभाजीनगर, गावोगाव रात्री आकाशात ड्रोन फिरतात, ते चोर टेहळणी करतात, म्हणून लोक गच्चीवर जागत बसले होते. विधिमंडळापर्यंत प्रश्न गेला. त्या रात्रींमध्ये रस्त्याने चाललेला एखादा वाटसरू किती गावांत मार खाता खाता वाचला असेल, त्याची कुणी नोंद ठेवलेली नाही.

आता तुझा प्रश्न. माझं उत्तर आहे, गस्त सुरू करा. आईशी मी याबाबत सहमत नाही, तिची काळजी मात्र खरी आहे. हंगामात म्हाताऱ्यांच्या भरवशावर सोडलेल्या गावाला कुणीतरी जागं असायलाच हवं, आणि तालुक्याच्या ठाण्यातल्या मोजक्या माणसांना डोंगरातल्या प्रत्येक वाडीवर रोज रात्री येणं जमणार नाही. पण मागच्या वेळी तुम्ही चोर पकडायला निघाला होतात. या वेळी तसं निघू नका. चोर पळाला तर पळू दे. हे वाक्य तुझ्या पोरांना पचायला सगळ्यांत जड जाणार, म्हणून पहिल्या बैठकीत पहिलं हेच बोला. ज्याला ते पटत नाही, त्याला गस्तीत घेऊ नका, मग तो कितीही धाडसी असो. खरं तर धाडसी असेल तर नकोच.

कायदा काय म्हणतो ते नीट समजून घे, म्हणजे जमादाराच्या त्या एका वाक्यावर अडायला नको. साध्या नागरिकाला माणूस धरून ठेवता येतो, पण अगदी मर्यादित वेळी: त्याच्या डोळ्यांदेखत अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा घडला तर, किंवा तो माणूस न्यायालयाने फरारी जाहीर केलेला असेल तर. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० ते सांगतं, आणि धरल्यावर विनाकारण वेळ न लावता, फार तर सहा तासांत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. ‘संशय आला’, ‘नाव नीट सांगेना’, ‘पळायला लागला’ यातलं काहीच त्यात बसत नाही. अंगावर कुणी आला तर स्वतःला वाचवण्यापुरता मार देता येतो. धोका टळला, माणूस खाली पडला किंवा पळाला, की तो हक्क तिथंच संपतो. पडलेल्याला मारलेली पहिली लाथ तुमचा गुन्हा असते.

मग गस्तीने करायचं काय? फिरायचं, दिसायचं, आवाज करायचा. कुलूपबंद घरावर येणारा चोर झोपलेलं गाव शोधत असतो. बॅटरीचा उजेड, शिट्टी, चार माणसांचा बोलण्याचा आवाज, एवढ्याने बहुतेक जण दुसरी वाट धरतात. काही दिसलंच तर लांबून शिट्टी वाजवा, घरांचे दिवे लावायला सांगा, गाडीचा नंबर, रंग, गेल्याची दिशा लिहून घ्या, ११२ ला फोन करा आणि पोलीस पाटलांना उठवा. बास. गाडी यायला तास लागतो म्हणतोस, तो तास तुम्ही मारामारीने भरून काढायचा नाही, उजेडाने आणि माणसांनी भरायचा.

११२ बद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. तो फोन तालुक्याच्या ठाण्यात वाजत नाही, राज्याच्या मध्यवर्ती कक्षात जातो, नवी मुंबई किंवा नागपूरला, आणि तिथून तुमच्या जिल्ह्याकडे, जवळच्या गाडीकडे वळतो. फोन घेणाऱ्या पोरीला तुमची वाडी कुठं आहे हे ठाऊक नसतं. राज्यात पिंपळगाव किती, वडगाव किती! म्हणून आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग वाडी आणि जवळची खूण, कुठल्या रस्त्याने फाटा फुटतो, हे त्याच क्रमाने सांगायचं. एका पुठ्ठ्यावर हे चार ओळींत लिहून प्रत्येक गस्तवाल्याच्या खिशात ठेवा. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या गावाचा पत्ताही सुधरत नाही. रेंज कुठं येते ती जागाही आधी हेरून ठेवा. तुमच्या डोंगरात ती पाण्याच्या टाकीवर येत असेल, तर एक जण टाकीपाशीच बसवा. कुणी जखमी असेल तर १०८ वेगळा लावायचा.

काही जिल्ह्यांत ग्रामसुरक्षा यंत्रणा म्हणून फोनची सोय आहे: गावातल्या एकाने ठरलेल्या नंबरवर निरोप बोलला की तो एकाच वेळी नोंदवलेल्या सगळ्या गावकऱ्यांच्या फोनवर वाजतो. साधा कीपॅडचा फोनही चालतो, त्यामुळे म्हाताऱ्यांना उपयोगी. तुमच्या ठाण्याच्या हद्दीत ती सुरू आहे का, गाव जोडलेलं आहे का, हे विचारून घे.

ठाण्याचा विषय निघाला, तर तिथं तू एकटा गेलास हीच अडचण झाली असावी. भरतीची तयारी करणारा पोरगा येऊन ‘आम्ही गस्त घालतो’ म्हणाला, तर जमादार दुसरं काय म्हणणार? महाराष्ट्रात १९६७ चा ग्राम पोलीस अधिनियम आहे, पोलीस पाटील त्याच कायद्याने नेमलेला असतो, आणि गावातल्या घडामोडी ठाण्याला कळवणं हे त्याचं कामच आहे. तुमच्या पत्रात पोलीस पाटलाचा उल्लेखच नाही. का, हे तुलाच माहीत. कदाचित ते वयस्कर असतील, कदाचित दुसऱ्या भावकीतले असतील. तरी त्यांच्याशिवाय हे काम उभं करू नकोस. ग्रामसुरक्षा दल म्हणून यादी ठाण्यात द्यायची असते. नावं, आधार, फोटो, फोन नंबर. ठाण्याकडून ओळखपत्र मिळालं तर गस्तवाला कोण आणि टवाळ कोण हे अडवलेल्या माणसालाही कळतं. बीट अंमलदाराला महिन्यातून एकदा गावात बोलवा, चोरी झाल्यावर नव्हे, नुसतंच. चहाला.

मला भिवंडीचं उदाहरण नेहमी आठवतं. १९७० ला दंगल, १९८४ ला दंगल, असं ते गाव. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथं पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी वस्त्यावस्त्यांत मोहल्ला समित्या बसवल्या. नेहमीच्या पुढाऱ्यांवर न थांबता साध्या माणसांना जोडलं, दोन्ही धर्मांची माणसं एका समितीत, आणि बरोबर पोलीस. बोलणं काय, तर गटार, पाणी, नळावरचं भांडण, दारूचा गुत्ता. मुंबई डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. गटाराच्या तक्रारीमुळे पोलीस आणि माणसं एकमेकांना नावाने ओळखायला लागली होती, म्हणून संकटाच्या रात्री फोन उचलला गेला. तुमच्या जमादाराला तुझं नाव माहीत आहे का?

आता सरपंचांची जाकिटं. घेऊ नका. रागाने नाही, हात जोडून नाही म्हणा. पाठीवर कुणाचं नाव असलेली गस्त निम्म्या गावाला आपली वाटत नाही, आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तर ती प्रचारफेरी होते. सरपंचांना सांगा, तुमच्याकडून आम्हाला पथदिवे हवेत: शाळेपाशी, फाट्यावर, ओढ्याच्या वाटेवर. ते काम ग्रामपंचायतीचंच आहे, त्यांना श्रेयही मिळेल आणि दिवा कुठल्याच पॅनलचा नसतो. दुसऱ्या पॅनलच्या पोरांना म्हणा, यादी ग्रामसभेत वाचली जाईल, त्यात तुमची नावं पाहिजेत. पाळ्या लावताना जोड्या मुद्दाम मिसळा. आपल्या जिल्ह्यात हल्ली आडनाव ऐकलं की समोरचा बोलायचा थांबतो. २०२५ मध्ये बीडच्या पोलिसांनी छातीवरच्या पट्टीतून आडनाव काढून टाकलं, त्यावरून काय दिवस आलेत ते समज. दोन जातींची, दोन पॅनलची पोरं एका बॅटरीच्या उजेडात चार तास चालली की बरंच काही मऊ पडतं. सगळं नाही पडणार, तेवढी भाबडी मी नाही.

ग्रामसभेची तारीख महत्त्वाची आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला तुमची ऊसतोडवाली घरं फडावर असतात, म्हणजे ज्यांची घरं राखायची तेच गैरहजर. म्हणून हा विषय २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, माणसं गाड्या भरायच्या आत घ्या. आधी महिलांची सभा होते, ती कागदावर होऊ देऊ नका, खरी भरवा.

कारण गावातल्या बायकांना तुम्ही अजून विचारलंच नाही. बारा पोरं, बाराही पुरुष. तुम्ही मोटारी आणि शेळ्या मोजल्या. सभेत विचारा, तुम्हाला कशाची भीती वाटते? कुणी सांगेल ओढ्याकडची अंधारी वाट, कुणी सांगेल शाळेच्या मागचा दारूचा अड्डा, कुणी सांगेल एसटीची शेवटची गाडी चुकली की फाट्यापासून चालत यायची वेळ. आणि एखादी धीट असेल तर सांगेल की रात्री पारावर बसणाऱ्या तुमच्याच गस्तवाल्या पोरांची भीती वाटते. हे ऐकायची तयारी ठेव. आशाताई, अंगणवाडीताई, बचत गटातली एखादी खमकी बाई, यांना समितीत घ्या. रात्री फिरायला नाही आल्या तरी चालेल, गस्त कुठून जाईल हे त्यांनी ठरवावं.

एक गोष्ट मात्र गस्तीने हातात घ्यायची नाही. घरात नवरा मारतो, एखाद्या पोरीवर हात टाकला गेला, अशी गोष्ट कानावर आली तर ‘गावात मिटवू’ म्हणून बैठक बसवू नका. आपल्याकडे २००७ पासून तंटामुक्तीच्या समित्या आहेत, बांधाचे, वाटणीचे तंटे त्यांनी जरूर मिटवावेत. अठराच्या आतल्या मुलीवरचा अत्याचार माहीत असून पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी लावा, ११२ लावा. हंगामाच्या तोंडावर पोरींची घाईघाईने लग्नं लागतात हे तुला मी सांगायला नको. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि जोडीने गेलं तर तो पूर्ण होतो म्हणून. बालविवाह थांबवायची जबाबदारी गावात ग्रामसेवकाची असते, त्यांना आधी कळवलं तर मांडव पडायच्या आत बोलता येतं. पोर शाळेत राहावी म्हणून हंगामी वसतिगृहाची मागणीही शाळेने वेळेत टाकायला हवी, दसऱ्यानंतर धावपळ करून उपयोग नसतो.

पारध्यांच्या पालाबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण तुझ्या पत्रात तो एका ओळीत येऊन जातो. इंग्रजांच्या राज्यात १८७१ मध्ये एक कायदा झाला आणि पुढं त्यातून कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला, तो रद्द झाला. पण कुठंही चोरी झाली की पालावर धाड, हे आपण अजून करतो. मागच्या हंगामातली एक तरी चोरी पालावरच्या माणसाने केल्याचा पुरावा आहे का तुमच्याकडे? असता तर तू लिहिला असतास. फोडणाऱ्याला कुठलं घर बंद आहे, कुठल्या विहिरीवर नवी मोटार बसली हे ठाऊक असतं, आणि ते गावात राहणाऱ्या कुणालाही ठाऊक असू शकतं. पारधी, फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात. संशयाने पालावर जाऊन दमदाटी केली तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू शकतो, हेही पोरांना सांग.

मी उलटं करायला सांगेन. पालावरच्या दोघांना गस्तीत बोलवा. नजर ठेवायला नाही, पाळी द्यायला. त्याच शिट्टीने, त्याच ओळखपत्राने. माळावर राहणाऱ्याला रात्री कुठल्या वाटेने कुठली गाडी गेली हे गावठाणातल्या माणसापेक्षा जास्त कळतं. गावातले काही जण नाक मुरडतील. मुरडू देत. पालावरचे लोकही लगेच यायचे नाहीत, त्यांनी गावाचा अनुभव घेतलेला आहे. आधी त्यांच्या वस्तीवरचा दिवा आणि पाणी याबद्दल ग्रामसभेत एखादा शब्द बोललात, तर दार उघडेल.

चोरीपुरतं बोलायचं तर गस्तीपेक्षा दिवसा केलेलं काम जास्त उपयोगी पडतं. निघायच्या आधी प्रत्येक ऊसतोड घराची नोंद एका वहीत करा: मागं कोण राहतं, किल्ली कुणाकडं, तिकडचा फोन, मुकादमाचा फोन, जनावरं कुणाच्या दावणीला. ही वही पोलीस पाटलांच्या पेटीत राहील. व्हॉट्सॲपवर अजिबात टाकायची नाही, कुलूपबंद घरांची यादी चोराच्या हातात देण्यासारखं आहे ते. मोटारीच्या अंगावर गट नंबर आणि नाव वेल्डिंगने किंवा पंचने उठवा, पावती आणि फोटो जपा. चोरीला गेलेली मोटार सापडली तरी ‘ही माझीच’ हे सिद्ध करता येत नाही म्हणून कितीतरी शेतकरी हात हलवत परत येतात. केबल जाळून तांबं काढतात आणि भंगारात विकतात. तेव्हा तालुक्यातल्या भंगारवाल्यांकडे लक्ष ठेवायला ठाण्याला लेखी सांगा, हे काम पोलिसांचं आहे आणि ते त्यांना जमतं. एकट्या आज्यांच्या शेळ्या रात्री एकाच वाड्यात बांधता येतात का बघा. म्हाताऱ्या भांडतील, पण ऐकतील.

आणि मुकादमांना सामील करा. त्यांना शिव्या घालायला कारणं भरपूर असतात, पण सगळ्या कोयत्यांचे फोन त्यांच्याकडेच असतात. फडावरून कुणी रात्री-अपरात्री गावाकडे निघाला तर त्याने गस्तीच्या एका ठरलेल्या नंबरवर सांगायचं, आणि गस्तीतल्या दोघांनी फाट्यावर जाऊन त्याला घरापर्यंत पोचवायचं. शेजारच्या गावांनाही तो नंबर द्या. तुमच्या फाट्यावर मार खाल्लेला तो माणूस बापाला बघायला आला होता. असा नंबर असता, तर तुम्हीच त्याला गाडीवर बसवून नेलं असतं.

पाळ्यांचं सोपं ठेवा. चार जण, बाराच्या पुढं पहाटेपर्यंत, एकाला आठवड्यातून दोनपेक्षा जास्त रात्री नाही, परीक्षा जवळ आली की सुट्टी. मागच्या वेळी बाराही जण रोज फिरत होतात ना? थकलेली पोरं आधी चिडतात. चार जणांत एक तरी पस्तिशीच्या पुढचा, लेकराबाळांचा माणूस हवा. पिऊन आलेला घरी परत. वेळ आणि वाट रोज बदला. काठी कुत्र्या-सापापुरती, आणि अडवायचं झालंच तर रस्ता सोडून, हात लांब ठेवून, ‘पाव्हणं, कुणीकडं?’ एवढंच. उत्तर नाही दिलं तर नंबर लिहा आणि जाऊ द्या. सापडलेल्या कुणाचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला, तर त्या पोराला त्याच दिवशी यादीतून काढा. यात सवलत नको.

जाता जाता, हंगाम सुरू झाला की ऊसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या दिव्याशिवाय रस्त्यावर उभ्या असतात आणि मागून दुचाकीवाला त्यात घुसतो. तुमच्या चार जणांनी एका संध्याकाळी फाट्यावर उभं राहून ट्रॉल्यांच्या मागं रिफ्लेक्टरच्या पट्ट्या चिकटवल्या, तर वर्षभराच्या गस्तीपेक्षा जास्त जीव वाचू शकतील. कारखाने आणि आरटीओ अशा पट्ट्या लावायच्या मोहिमा घेतात, त्यांना पत्र द्या. अपघातातल्या माणसाला दवाखान्यात नेणाऱ्याला कायद्याने संरक्षण आहे, त्याला साक्षीसाठी अडकवता येत नाही. हे अजून निम्म्या लोकांना माहीत नाही.

आईला हे सगळं वाचून दाखव. तिला ‘आई, काळजी करू नको’ म्हणू नकोस, ती करणारच. नव्या यादीत तुझ्या पाळीला कोण कोण आहे आणि पोलीस पाटलांचा फोन नंबर काय, हे तिला लिहून दे.

आता अर्ज. ठाणेदारांच्या नावे, विषय ‘ग्रामसुरक्षा दल स्थापनेबाबत’, खाली पोलीस पाटील, सरपंच, दुसऱ्या पॅनलचा एक सदस्य, बचत गटाच्या अध्यक्षा आणि तुझी सही. सोबत नावांची यादी आणि ग्रामसभेच्या ठरावाची प्रत. एक प्रत तहसीलला द्यायलाही हरकत नाही. दोन प्रती काढ, एक देऊन ये आणि दुसरीवर शिक्का-सहीची पोहोच घेतल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नकोस.